ब्रेडबोर्डवरची पहिली सर्किटं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटरी, एलईडी आणि मूठभर रेझिस्टर घेऊन ब्रेडबोर्डवर, म्हणजे पार्ट नुसते खोचून जोडायच्या छिद्रांच्या पाटीवर, सुरुवात करणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. पहिले काही अगदी प्राथमिक आहेत. पुढचे ‘सगळं बरोबर जोडलंय, तरी चालत नाही’ या प्रकारचे आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स यांत नेमका फरक काय? व्याख्या पाठ आहेत, पण डोक्यात बसत नाही.

करंट तारेतून वाहतो, म्हणून तो एखाद्या जागी मोजता येतो. व्होल्टेज मात्र एका जागी कधीच नसतो. तो नेहमी दोन बिंदूंमधला फरक असतो. ‘या पिनवर ५ व्होल्ट आहेत’ असं आपण म्हणतो, तेव्हा ‘बॅटरीच्या मायनसच्या तुलनेत’ हे शब्द गृहीत धरलेले असतात. नवशिक्यांचा निम्मा गोंधळ इथेच सुटतो. मल्टीमीटरला दोन प्रोब (टोकदार तारा) का असतात, हेही यातूनच कळतं.

रेझिस्टन्स या दोघांना बांधून ठेवतो: व्होल्टेज = करंट × रेझिस्टन्स. जॉर्ज ओहमने हा नियम १८२७ मध्ये प्रसिद्ध केला. १००० ओहमच्या दोन टोकांमध्ये ९ व्होल्ट दिले, तर ९ मिलिअँपिअर वाहतात. उलटंही खरं आहे: त्याच रेझिस्टरवर मीटरने ४ व्होल्ट दाखवले, तर त्यातून ४ मिलिअँपिअर जात आहेत हे सर्किट न तोडता कळतं. ही युक्ती पुढे फार उपयोगी पडते. एक मात्र लक्षात ठेवा. हा नियम रेझिस्टरला लागू आहे, एलईडी, डायोड आणि ट्रान्झिस्टर तो पाळत नाहीत (प्र. ७).

२. पाण्याच्या टाकीचं उदाहरण बरोबर आहे ना?

टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, नळातून येणारी धार म्हणजे करंट, इथपर्यंत ठीक. पुढे ते फसवतं. पाइप कापला की पाणी बाहेर सांडतं. तार कापली की करंट थांबतो. करंटला परतीचा रस्ता लागतोच. बॅटरीच्या प्लसपासून मायनसपर्यंत पूर्ण फेरी होत नसेल, तर काहीही वाहत नाही. शिवाय ‘रेझिस्टरच्या आधी जास्त करंट, नंतर कमी’ हा समजही याच उदाहरणातून पसरतो. एकाच रांगेतल्या सगळ्या पार्टांतून करंट तेवढाच जातो. म्हणून रेझिस्टर एलईडीच्या आधी लावला काय आणि नंतर लावला काय, फरक पडत नाही.

३. करंट प्लसकडून मायनसकडे जातो की मायनसकडून प्लसकडे?

सर्किट डायग्रॅममध्ये आणि हिशेबात प्लसकडून मायनसकडे. तारेतले इलेक्ट्रॉन उलटे जातात. पण हा संकेत रूढ झाला तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला ठाऊकच नव्हता. त्याचा शोध १८९७ चा. डायोडच्या चिन्हातला बाणही प्लसकडून मायनसकडेच दाखवतो. सर्किट जोडताना इलेक्ट्रॉनचा विचार करण्याची गरज नाही.

४. ग्राउंड म्हणजे घरातलं अर्थिंग का?

नाही. बॅटरीवरच्या सर्किटमध्ये ग्राउंड म्हणजे ज्याला आपण शून्य मानायचं ठरवलं तो बिंदू, बहुतेक वेळा बॅटरीचा मायनस. जमिनीशी त्याचा काही संबंध नसतो.

यातून येणारी एक नेहमीची अडचण: आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) यूएसबीवर चालतो, मोटर वेगळ्या बॅटरीवर चालते आणि आर्डुइनोच्या पिनने मोटरचा ट्रान्झिस्टर चालू होत नाही. दोन्ही सप्लायचे मायनस एकमेकांना जोडलेले नसतात, म्हणून असं होतं. आर्डुइनोचे ५ व्होल्ट त्याच्या स्वतःच्या मायनसच्या तुलनेत आहेत. ट्रान्झिस्टरचा मायनस वेगळा असेल, तर त्याच्या दृष्टीने त्या ५ व्होल्टला अर्थच नाही. दोन्ही मायनस एका तारेने जोडा. प्लस मात्र जोडू नका.

५. सुरुवातीला काय काय विकत घेऊ?

एवढं पुरे:

- ८३० छिद्रांचा ब्रेडबोर्ड, एक
- साधा डिजिटल मल्टीमीटर, डीटी ८३० प्रकारचा चालेल
- पाव वॉटचे रेझिस्टर: २२०, ४७० ओहम, १के (म्हणजे १००० ओहम), १०के, १००के, प्रत्येकी दहा
- लाल एलईडी दहा, निळे किंवा पांढरे पाच
- १०४ (प्र. १५) सिरॅमिक कपॅसिटर दहा. १०, १०० आणि १००० मायक्रोफॅरडचे २५ व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक, प्रत्येकी दोन-तीन
- बीसी ५४७ ट्रान्झिस्टर पाच, १एन४००७ डायोड पाच, ५५५ टायमर आयसी दोन
- ९ व्होल्टची बॅटरी आणि तिचा क्लिप

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली इथे हे सगळं एका फेरीत मिळतं. तारेसाठी जंपर वायरचा सेट घ्यायलाच हवा असं नाही. लॅन केबलचा सिंगल कोअर तुकडा सोलला की आठ रंगांच्या तारा मिळतात. त्यांची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ब्रेडबोर्डला अगदी योग्य. मल्टीस्ट्रँड तार छिद्रात नीट जात नाही, तिचे केस फाकतात आणि शेजारच्या छिद्राशी शॉर्ट होतात.

सप्लायसाठी जुन्या मोबाइलमधली लिथियम बॅटरी उघडी वापरू नका. ती शॉर्ट झाली तर कित्येक अँपिअर सोडते आणि पेटू शकते. साधी ९ व्होल्टची झिंक-कार्बन बॅटरी दुबळी असते, आणि शिकताना तेच बरं (प्र. ११).

६. ब्रेडबोर्डमध्ये आतून काय कशाला जोडलेलं असतं?

मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच छिद्रांच्या उभ्या पट्ट्या असतात. एका पट्टीतली पाचही छिद्रं आतून एक. खाच ओलांडून काहीही जोडलेलं नसतं. आयसी खाचेवर बसवतात तो यासाठीच, नाहीतर त्याच्या समोरासमोरच्या पिना शॉर्ट होतील. कडेच्या लांब आडव्या पट्ट्या सप्लायसाठी.

आता खोड. बऱ्याच ८३० छिद्रांच्या बोर्डांत या लांब पट्ट्या मध्यावर तुटलेल्या असतात. लाल-निळी रेघ मध्येच खंडित दिसली, तर तीच खूण. काही बोर्डांवर रेघ सलग छापलेली असते आणि पट्टी मात्र आतून तुटलेली. डावीकडे बॅटरी, उजवीकडे आयसी आणि मध्ये काहीच नाही, अशी अवस्था होते. नवा बोर्ड आणला की आधी मीटरने ही पट्टी तपासा आणि तुटलेली असेल तर छोट्या तारेने जोडून टाका.

७. एलईडीला रेझिस्टर लावलाच पाहिजे का? आणि किती ओहमचा?

लावलाच पाहिजे. लाल एलईडीवर १.८ व्होल्ट असताना तो जेमतेम पेटतो, २ व्होल्टला छान पेटतो, आणि त्यापुढे व्होल्टेज थोडासा वाढला तरी करंट झपाट्याने वाढतो. म्हणजे एलईडी स्वतःचा करंट आवरत नाही. ते काम रेझिस्टरचं.

हिशेब: सप्लायमधून एलईडीचे व्होल्ट वजा करा, उरलेल्याला हव्या त्या करंटने भागा. लाल, पिवळ्या एलईडीसाठी २ व्होल्ट धरा. निळ्या, पांढऱ्यासाठी ३. नेहमीच्या ५ मिलिमीटरच्या एलईडीला २० मिलिअँपिअर ही वरची मर्यादा समजा; १० ते १५ मध्ये तो पुरेसा उजळतो.

९ व्होल्ट आणि लाल एलईडी: ९ − २ = ७ व्होल्ट. ४७० ओहम लावला तर सुमारे १५ मिलिअँपिअर. ५ व्होल्टवर २२० ओहम, १२ व्होल्टवर १के. रेझिस्टर किती तापेल तेही बघा: ७ व्होल्ट × १५ मिलिअँपिअर म्हणजे साधारण ०.१ वॉट, पाव वॉटच्या रेझिस्टरला चालतं. पण १२ व्होल्टवर तोच ४७० लावला तर ०.२१ वॉट होतात. जळत नाही, पण बोट टेकवलं तर चटका बसतो.

३ व्होल्टच्या बटण सेलवर थेट लावलेला एलईडी जळत नाही, असं दाखवणारे पुष्कळ भेटतील. तिथे सेलचा स्वतःचा अंतर्गत रेझिस्टन्सच रेझिस्टरचं काम करतो. तोच प्रयोग ५ व्होल्टच्या चार्जरवर केला की एलईडी गेला.

८. हिशेबात ३५० ओहम आले. दुकानदार म्हणतो असा रेझिस्टर येतच नाही.

खरं आहे. सर्वसाधारण रेझिस्टर १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ याच आकड्यांत आणि त्यांच्या दहापटींत येतात. करंट मर्यादेत ठेवायचा असेल तर वरचा घ्या, म्हणजे ३९०. एलईडीच्या उजेडात डोळ्याला फरक कळणार नाही.

रंग वाचायची रीत: काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८, पांढरा ९. पहिले दोन पट्टे आकडे, तिसरा शून्यांची संख्या, चौथा सोनेरी म्हणजे ५ टक्के कमी-जास्त. पिवळा-जांभळा-तपकिरी म्हणजे ४७०. पिवळा-जांभळा-लाल म्हणजे ४७००. पाच पट्ट्यांच्या निळसर रेझिस्टरमध्ये पहिले तीन आकडे असतात आणि चौथा शून्यं मोजतो. त्यांच्यावर लाल, तपकिरी आणि नारिंगी ओळखताना ट्यूबलाइटखाली सगळ्यांचीच फसगत होते. सरळ मीटरवर मोजा.

९. पाच एलईडी समांतर जोडून एकच रेझिस्टर लावला तर?

वेगवेगळ्या रंगांचे असतील तर फक्त लाल पेटेल. तो दोन व्होल्टवर सगळा करंट ओढून घेतो आणि निळ्याला लागणारे तीन व्होल्ट मिळतच नाहीत. एकाच रंगाचे असले तरी ज्याला किंचित कमी व्होल्ट लागतात तो जास्त करंट घेतो, तापतो आणि तापल्यावर आणखी घेतो. प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर द्या.

दुसरा मार्ग रांगेत जोडण्याचा. १२ व्होल्टच्या एलईडी स्ट्रिपकडे जवळून पाहा: तीन एलईडी, शेजारी एक छोटा चौकोनी रेझिस्टर, मग कात्रीची खूण, पुन्हा तीन. तीन पांढऱ्यांना सुमारे ९.३ व्होल्ट लागतात. उरलेले २.७ रेझिस्टरवर, १८० ओहमने १५ मिलिअँपिअर. स्ट्रिप खुणेवरच कापायची ती यामुळे. हेच तीन ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावले तर मिणमिणतील किंवा पेटणारही नाहीत.

१०. मल्टीमीटरने बॅटरीचा करंट मोजायला गेलो, तेव्हापासून मीटर करंट दाखवत नाही.

आतला फ्यूज उडाला. करंट मोजताना मीटर जवळजवळ नुसत्या तारेसारखा असतो, कारण पूर्ण करंट त्यातून जावा लागतो. तो थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावणं म्हणजे बॅटरी शॉर्ट करणं. ‘बॅटरीचा करंट’ अशी वेगळी गोष्टच नसते. किती वाहणार ते सर्किट ठरवतं.

बरोबर पद्धत: सर्किट एका जागी तोडा आणि त्या फटीत मीटर घाला. मीटरची मागची बाजू उघडून काचेचा फ्यूज काढा आणि त्याच्यावर लिहिलेल्याच अँपिअरचा नवा घाला. चांदीचा कागद किंवा तार गुंडाळू नका. बऱ्याच स्वस्त मीटरांत १० अँपिअरच्या सॉकेटला फ्यूज नसतोच. त्या सॉकेटमध्ये लाल प्रोब विसरून घरातल्या प्लगचा व्होल्टेज मोजायला गेलात, तर मोठा स्फोटक शॉर्ट होतो. मापन झालं की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत.

लहान करंटसाठी प्र. १ मधली युक्ती वापरा. आधीच असलेल्या रेझिस्टरवरचा व्होल्टेज मोजून भागाकार करा.

११. बॅटरी मीटरवर ९ व्होल्ट दाखवते, पण छोटी मोटरही फिरत नाही. असं का?

कारण मीटर बॅटरीकडून जवळपास काहीच मागत नाही. प्रत्येक बॅटरीच्या आत रेझिस्टन्स असतो. साध्या झिंक-कार्बन ९ व्होल्टच्या बॅटरीत, म्हणजे ६एफ२२ मध्ये, तो तीस ओहमच्या घरात असतो. मोटरने सुरू होताना अर्धा अँपिअर मागितला, तर ३० × ०.५ म्हणजे १५ व्होल्ट बॅटरीच्या आतच पडायला हवेत. तेवढे तिच्याकडे नाहीतच. म्हणून व्होल्टेज कोसळतो.

बॅटरी नेहमी लोड, म्हणजे करंट ओढणारं काहीतरी, लावून तपासा. ९ व्होल्टला ४७० ओहमचा रेझिस्टर जोडून मोजा. साडेआठच्या आसपास किंवा वर राहिली तर ठीक, सातच्या खाली गेली तर एलईडीपुरतीच उरली. मोटरसाठी पेन्सिल सेल वापरा. चार सेलचे ६ व्होल्ट या ९ व्होल्टपेक्षा कितीतरी दमदार असतात.

१२. ९ व्होल्टचे दोन रेझिस्टरने ५ केले. काही जोडलं की लगेच खाली येतात.

८.२के आणि १०के रांगेत लावले की मध्ये ४.९ व्होल्ट मिळतात, पण तिथून काहीही न ओढेपर्यंतच. तिथून पाहिलं तर हे दोन रेझिस्टर समांतर धरून साडेचार के होतात. म्हणजे १ मिलिअँपिअर ओढला की साडेचार व्होल्ट गेले. एलईडीसुद्धा नीट पेटणार नाही.

ढोबळ नियम: लोडपेक्षा दहापट करंट डिव्हायडरमधून, म्हणजे दोन रेझिस्टरच्या या जोडीतून, वाहायला हवा. २० मिलिअँपिअरच्या लोडसाठी २०० मिलिअँपिअर नुसते जाळायचे, हे परवडणारं नाही. डिव्हायडर सिग्नलसाठी वापरा, सप्लायसाठी रेग्युलेटर (प्र. १८).

१३. सर्किटमध्ये बसवलेला १०के रेझिस्टर मीटरवर ३.२के दाखवतो. खराब झालाय का?

बहुधा नाही. मीटर त्या दोन बिंदूंमधले सगळे रस्ते एकत्र मोजतो. एक पाय मोकळा करून मोजा. आणि सप्लाय काढलेला असू द्या. सप्लाय चालू असताना ओहम मोजले तर रीडिंग निरर्थक येतंच, मीटरही जाऊ शकतो. रेझिस्टर जळतात तेव्हा बहुतेक वेळा ‘ओपन’ होतात किंवा त्यांचा आकडा वाढतो. सर्किटमध्ये मोजताना छापलेल्यापेक्षा जास्त आकडा आला, तर मात्र संशय घ्या. पण जवळच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला नाही ना, ते आधी पाहा.

१४. दोन सारखे १ मेगओहम रेझिस्टर ९ व्होल्टला रांगेत लावले. मध्ये ४.५ यायला हवेत, मीटर ३ दाखवतो.

मीटर खोटं बोलत नाही. तिथे खरंच ३ व्होल्ट आहेत, पण मीटर लावला आहे तेवढा वेळच. डीटी ८३० प्रकारच्या मीटरचा व्होल्टेज रेंजवरचा रेझिस्टन्स १ मेगओहम असतो. खालच्या १ मेगओहमला तो समांतर लागला की अर्धा मेगओहम होतो, मग ९ × ०.५ ÷ १.५ = ३. दहा मेगओहमच्या मीटरवर हाच बिंदू सुमारे ४.३ दाखवतो.

सर्किटमधले रेझिस्टर १००के च्या आत असतील तर ही चूक सहसा विसरता येते. त्यापुढे मात्र मीटरलाही सर्किटमधला एक पार्ट समजून हिशेब करा.

१५. कपॅसिटर नेमका काय करतो? आणि १०४ म्हणजे किती?

तो आपल्यावरचा व्होल्टेज पटकन बदलू देत नाही. रेझिस्टरमधून चार्ज होताना ओहम × फॅरड इतक्या सेकंदांत तो ६३ टक्क्यांपर्यंत पोहोचतो आणि त्याच्या पाचपट वेळेत जवळजवळ पूर्ण भरतो. १०के आणि १०० मायक्रोफॅरड म्हणजे १ सेकंद. हे मीटर लावून डोळ्यांनी पाहता येतं. इलेक्ट्रोलिटिकची खरी क्षमता छापलेल्यापेक्षा २० टक्के इकडेतिकडे असते, त्यामुळे नेमका सेकंद येणार नाही.

१०४ म्हणजे १० पुढे चार शून्यं, पिकोफॅरडमध्ये. म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. १०३ म्हणजे ०.०१. नुसतं २२ लिहिलं असेल तर २२ पिकोफॅरड. प्रत्येक आयसीच्या प्लस-मायनस पिनांजवळ एक १०४ लावायची सवय लावून घ्या. लांब तारांमधून येणारा सप्लाय आयसीच्या अचानक मागणीला पुरा पडत नाही. ती मागणी हा कपॅसिटर जागेवरच भागवतो.

१६. इलेक्ट्रोलिटिक उलटा लावला तर फुटतो का?

फुटू शकतो. आतला पातळ ऑक्साइडचा थर उलट्या व्होल्टेजने मोडतो, करंट गळायला लागतो, द्रव तापून वायू तयार होतो आणि डोक्यावरच्या खाचा फाटतात. कमी व्होल्टवर तो नुसता गरम होऊन निकामी होतो. एकदा उलटा लागलेला पुन्हा वापरू नका.

खुणा लक्षात ठेवा, कारण त्या एकसारख्या नाहीत: इलेक्ट्रोलिटिकवरचा पट्टा मायनस, टँटलम कपॅसिटरवरचा पट्टा प्लस, डायोडवरचा पट्टा कॅथोड (मायनसकडची बाजू). नव्या एलईडीचा लांब पाय प्लस.

१७. बीसी ५४७ ने रिले (कॉइलने चालणारा स्विच) ओढत नाही. ट्रान्झिस्टर तर नवा आहे.

आधी पाय बघा. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुसऱ्या नंबरच्या ट्रान्झिस्टरचा क्रम असाच असेल असं मानू नका.

मग रिले कुठे लावला आहे ते बघा. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एमिटर आणि मायनसच्या मध्ये रिले. तिथे एमिटर बेसच्या नेहमी ०.७ व्होल्ट खाली राहतो. बेसला ५ व्होल्ट दिले तर रिलेला फार तर ४.३ मिळतात, १२ व्होल्टचा रिले हलणारही नाही. एमिटर थेट मायनसला जोडा आणि रिले १२ व्होल्ट व कलेक्टरच्या मध्ये घ्या.

बेस रेझिस्टर: ४०० ओहमची कॉइल १२ व्होल्टवर ३० मिलिअँपिअर घेते. स्विच म्हणून वापरताना बेसला त्याचा दहावा भाग द्या, म्हणजे ३ मिलिअँपिअर. (५ − ०.७) ÷ ०.००३ म्हणजे सुमारे १.४के. १के लावा, काम झालं. गेन (बेसच्या करंटच्या किती पट कलेक्टरचा करंट) २०० छापलाय म्हणून दोनशेव्या भागावर भागवायला जाऊ नका. ट्रान्झिस्टर अर्धवट चालू राहतो आणि तापतो. बीसी ५४७ ची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे, मोटरसाठी तो नाही.

कॉइलला समांतर १एन४००७ हवाच, पट्टा १२ व्होल्टच्या बाजूला. रिले बंद होताना कॉइल करंट थांबू देत नाही आणि शंभराच्या वर व्होल्टचा झटका देते. बीसी ५४७ फक्त ४५ सहन करतो. डायोड नसताना सर्किट दोन-चार वेळा चालून मग कायमचं बंद पडतं, ते याच कारणाने. डायोड उलटा लावला तर मात्र ट्रान्झिस्टर चालू होताक्षणी शॉर्ट होतो.

१८. ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) इतका तापतो की हात लावता येत नाही. बदलू का?

बदलून काही होणार नाही. तो जास्तीचा व्होल्टेज उष्णतेत घालवतो, तेच त्याचं काम आहे. १२ देऊन ५ घेतले आणि अर्धा अँपिअर ओढला, तर ७ × ०.५ म्हणजे साडेतीन वॉट. हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय) एक वॉटपर्यंत ठीक. त्यापुढे आतलं तापमानाचं संरक्षण त्याला बंद करतं, थंड झाला की पुन्हा चालू. सर्किट दर काही सेकंदांनी बंद-चालू होत असेल तर हेच कारण.

इनपुट खाली आणा, पण ७ व्होल्टच्या खाली नको, नाहीतर आउटपुट ५ राहत नाही. जास्त करंट लागत असेल तर एलएम२५९६ चा बक मॉड्यूल (फारसा न तापता व्होल्टेज उतरवणारा तयार बोर्ड) घ्या. ७८०५ ची धातूची पाठ ग्राउंड असते, ७९०५ ची (उणे ५ व्होल्टच्या रेग्युलेटरची) इनपुट. दोघांना एकाच हीटसिंकवर अभ्रकाच्या चकतीशिवाय बसवू नका.

१९. ट्रान्सफॉर्मरवर १२ व्होल्ट लिहिलंय. चार डायोडचा ब्रिज आणि कपॅसिटर लावल्यावर १७-१८ येतात. आणि लोड लावला की ७८१२ (१२ व्होल्टचा रेग्युलेटर) गुणगुणतो.

दोन्हींचं मूळ एकच. १२ हा एसीचा आरएमएस (एक प्रकारचा सरासरी) आकडा. शिखर त्याच्या १.४१ पट, म्हणजे १७. ब्रिजचे दोन डायोड १.४ खातात, उरले साडेपंधरा. लोड नसताना छोटा ट्रान्सफॉर्मर छापलेल्यापेक्षा जास्त देतो, म्हणून १७-१८. इथे १६ व्होल्टचा कपॅसिटर लावू नका, २५ चा लावा.

गुणगुण म्हणजे रिपल, व्होल्टेजची वरखाली. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झ, ब्रिजनंतर १००, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी कपॅसिटर भरतो. मधल्या वेळात अर्धा अँपिअर ओढला आणि कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा असेल, तर तो सुमारे ५ व्होल्टनी उतरतो: साडेपंधरावरून साडेदहावर. ७८१२ ला निदान १४ हवेत. २२०० लावला तर घसरण २.३ वर येते, तरीही १३.२ म्हणजे १४ च्या खालीच. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेणं हा खरा उपाय. उष्णतेचा हिशेब प्र. १८ प्रमाणे.

२०. ५५५ चा एलईडी लुकलुकत नाही, सतत पेटलेला राहतो.

पिनांची जोडणी आधी: ८ प्लसला, १ मायनसला, ४ प्लसला, २ आणि ६ एकत्र. प्लस ते ७ मध्ये १०के, ७ ते ६ मध्ये ६८के, ६ ते मायनस १० मायक्रोफॅरड, ५ ते मायनस १०३. पिन ३ वरून ४७० ओहम आणि एलईडी. १.४४ ÷ ((१०के + २ × ६८के) × १० मायक्रोफॅरड) म्हणजे सेकंदाला साधारण एक लुकलुक.

सतत पेटलेला असेल तर कपॅसिटर चार्ज होत नाही. २-६ ची जोड निसटलेली असते किंवा कपॅसिटर उलटा असतो. कधी तो लुकलुकतच असतो, पण १० मायक्रोफॅरडऐवजी १०३ लावल्यामुळे डोळ्याला कळत नाही इतक्या वेगाने. ३.३ व्होल्टवर नेहमीचा ५५५ चालत नाही, त्याला साडेचार तरी लागतात. तिथे कमी व्होल्टवर चालणारा ७५५५ घ्या.

पहिली लुकलुक पुढच्यांपेक्षा लांब असते, ती चूक नाही. पहिल्या वेळी कपॅसिटर शून्यापासून भरतो, नंतर एक तृतीयांशापासून. याच एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश रचनेमुळे बॅटरी उतरली तरी वेग फारसा बदलत नाही. हान्स कॅमेनझिंड यांनी रचलेला हा आयसी सिग्नेटिक्सने १९७२ मध्ये बाजारात आणला आणि अजून तो पहिल्या आठवड्यातला आयसी आहे.

२१. बटण एकदा दाबलं की काउंटर दोन-तीन घरं पुढे जातो. आणि कधीकधी नुसता हात जवळ नेला तरी!

दोन वेगळे आजार आहेत. हात जवळ नेल्यावर चालतो, कारण बटण मोकळं असताना पिन कुठेच जोडलेली नसते. सीमॉस आयसीची (ज्याचं इनपुट जवळपास काहीच करंट घेत नाही) अशी अधांतरी पिन हवेतली ५० हर्ट्झची घरघर पकडते. पिन ते मायनस १००के लावा. न वापरलेल्या इनपुट पिनाही प्लस किंवा मायनसला बांधा.

दोन-तीन घरं उडी मारतो, कारण बटणाची पत्री बंद होताना काही मिलिसेकंद थडथडते. सीडी ४०१७ या काउंटर आयसीसाठी सोपा इलाज: बटण प्लस आणि पिन १४ च्या मध्ये, पिन १४ ते मायनस १००के, आणि त्याला समांतर १०४. पत्री उडाली तरी १० मिलिसेकंद कपॅसिटर पिनला धरून ठेवतो. जुनाट बटण असेल तर ४७४ लावा. पिन १३ आणि १५ मायनसला आहेत ना, तेही बघून घ्या.

२२. सिम्युलेटरमध्ये चालतं, ब्रेडबोर्डवर नाही. कुठून शोधायला सुरुवात करू?

पार्ट बदलत बसू नका. दहातल्या नऊ वेळा पार्ट चांगला असतो आणि जोड चुकलेली असते. काळा प्रोब बॅटरीच्या मायनसला क्लिपने पक्का लावा, लाल प्रोब हातात घ्या, आणि या क्रमाने जा:

१. बॅटरी, सर्किट जोडलेलं असताना (प्र. ११).
२. आयसीची प्लस पिन. छिद्रात नव्हे, आयसीच्या पायालाच प्रोब टेकवा. छिद्रात ९ आणि पायावर ० असेल, तर पाय आत न जाता आयसीखाली दुमडला आहे.
३. आयसीची मायनस पिन. इथे शून्यच हवं. एखादा व्होल्ट दिसला तर ग्राउंडची जोड तुटलेली आहे. ही तपासणी जवळजवळ सगळेच वगळतात.
४. मग इनपुट, मग आउटपुट. जिथे अपेक्षित आकडा आणि मीटरचा आकडा पहिल्यांदा वेगळे होतात, तिथे थांबा. दोष त्या टप्प्यात किंवा त्याच्या पुढे जोडलेल्या लोडमध्ये आहे.

२३. ट्रान्सफॉर्मरशिवाय, फक्त कपॅसिटर लावून २३० वरून एलईडी चालवायचं सर्किट मिळालं. करून पाहू का?

नको. ४७४, ४०० व्होल्टचा कपॅसिटर ५० हर्ट्झवर जेमतेम ३४ मिलिअँपिअर जाऊ देतो, म्हणून नाइट लॅम्पमध्ये तो चालतो. पण तिथे सर्किटचा प्रत्येक बिंदू, ‘मायनस’सकट, मेन्सशी थेट जोडलेला असतो. एलईडीवर ३ व्होल्ट आहेत हे खरं, पण एलईडी आणि तुमच्या पायाखालची फरशी यांच्यात २३० असू शकतात (प्र. १ पुन्हा वाचा). बंद डब्यात तो खपतो. ब्रेडबोर्डवर बोटाच्या अंतरावर नाही. शिकताना मेन्सपासून अलग केलेला, नावाजलेल्या कंपनीचा अडॅप्टर वापरा.

२४. घरातला एलईडी बल्ब स्विच बंद केल्यावरही मंद पेटतो. हा कशामुळे?

स्विचमध्ये छोटा इंडिकेटर दिवा असेल तर त्यातून जाणारा अगदी थोडा करंट बल्बला मिणमिणायला पुरतो. जुन्या पिवळ्या बल्बला तो कळतही नसे. लांबलचक समांतर वायरिंगमध्येही दोन तारा मिळून कपॅसिटर बनतो आणि तेच घडतं. दोन्ही निरुपद्रवी.

तिसरं कारण गंभीर आहे: स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर असणं. मग स्विच बंद असतानाही होल्डर जिवंत असतो आणि बल्ब बदलताना झटका बसतो. यासाठी इलेक्ट्रिशियनला बोलवा. डिजिटल मीटरने स्वतः मोजून निदान करू नका. १० मेगओहमचा मीटर मोकळ्या तारेवरही साठ-सत्तर व्होल्ट दाखवू शकतो, आणि का, ते प्र. १४ मध्ये आहे.